क्लॅम्प किती घट्ट लावायचा? रक्त थांबवायचं पण वाहिनी चिरडायची नाही

व्हॅस्क्युलर क्लॅम्प (ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी तात्पुरती बंद करायचा चिमटा) हातात आला की बऱ्याच नव्या रेसिडेंटचा अंगठा आपोआप शेवटच्या खटक्यापर्यंत जातो. का जातो ते कळतं, क्लॅम्प सैल राहिला आणि रक्त उडालं तर अख्खं ऑपरेशन थिएटर आपल्याकडे बघणार, आणि जास्त घट्ट लावला तर त्या क्षणी कुणालाच काही दिसत नाही. गोची हीच आहे की सैल क्लॅम्प लगेच पकडला जातो आणि जास्त आवळलेला क्लॅम्प काही तासांनी थ्रॉम्बस (रक्ताची गुठळी) म्हणून किंवा काही महिन्यांनी स्टेनोसिस (वाहिनी अरुंद होणं) म्हणून पुढे येतो, आणि तोपर्यंत क्लॅम्पवर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, दोष जातो टाक्यांना नाहीतर पेशंटच्या सिगारेटला.

तर हे लिहितोय ते सर्जरी शिकणाऱ्यांसाठी आणि स्क्रब करणाऱ्या नर्सेससाठी. वाचून थेट एकट्याने करायची गोष्ट नाही ही, सीनियर समोर असताना हात कसा चालवायचा एवढंच.

आत नक्की काय बिघडतं

धमनीच्या अगदी आतल्या बाजूला एन्डोथेलियम असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचा थर. हा थर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत असतो, त्यामुळे प्लेटलेट्स भिंतीला चिकटत नाहीत आणि वाहिनी सैल राहते. क्लॅम्पचे जबडे दोन्ही भिंती एकमेकींवर दाबतात तेव्हा सगळ्यात आधी हाच थर निघतो, खालचं कोलॅजन उघडं पडतं आणि प्लेटलेट्स तिथे जमा व्हायला लागतात. नुसतं एन्डोथेलियम गेलं असेल आणि जागा छोटी असेल तर कडेच्या पेशी सरकत येऊन काही दिवस-आठवड्यांत ती भरून काढतात, त्याचं एवढं टेन्शन नाही. दाब अजून वाढला की इंटर्नल इलॅस्टिक लॅमिना (त्याखालचा लवचिक पडदा) तुटतो आणि मग मीडियातल्या, म्हणजे भिंतीच्या मधल्या थरातल्या, स्मूथ मसल पेशी आत सरकून वाढायला लागतात, म्हणजे निओइंटिमल हायपरप्लेसिया, वाहिनी आतून अरुंद होत जाते. त्याच्याही पुढे गेलात तर मीडियाच चिरडतो किंवा इंटिमा (सगळ्यात आतला थर) फाटून त्याचा फ्लॅप होतो, क्लॅम्प काढल्यावर रक्ताचा झोत त्या फ्लॅपखाली शिरतो आणि डिसेक्शन, म्हणजे भिंतीचे थर एकमेकांपासून सुटतात.

एन्डोथेलियम किती नाजूक आहे याची एक मस्त गोष्ट आहे. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि झावाड्झ्की यांनी दाखवलं की सशाच्या एओर्टाचा (महाधमनीचा) तुकडा ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन घातल्यावर सैल होतो, पण आतली बाजू नुसती घासली गेली असेल तर तो सैल होतच नाही. म्हणजे तुकडा तयार करताना हात जरा इकडेतिकडे लागला तरी निकाल बदलत होता! त्यातून एन्डोथेलियममधून काहीतरी सुटतं हे कळलं, ते नायट्रिक ऑक्साइड निघालं, आणि फर्चगॉटना १९९८ चं नोबेल विभागून मिळालं. आजही प्रयोगशाळेत क्लॅम्पने किती इजा झाली हे बघायला हीच युक्ती वापरतात, क्लॅम्प लावून काढायचा आणि बघायचं वाहिनी ॲसिटिलकोलीनला प्रतिसाद देते का. दुसरी पद्धत इव्हान्स ब्लू रंगाची, जिथे एन्डोथेलियम निघालंय तिथेच निळा डाग पडतो.

मुळात किती जोर लागतो

हे गणित एकदा स्वतः करून बघा, मग हात आपोआप हलका होतो. सिस्टॉलिक १२० मिमी पारा म्हणजे साधारण १६ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला जेमतेम १.६ ग्रॅमचं वजन. आता ८ मिमी व्यासाची धमनी घ्या, परीघ साधारण २५ मिमी, चपटी केली की रुंदी साडेबारा मिमीच्या आसपास. क्लॅम्पचा जबडा ३ मिमी रुंद धरला तर दाबलेलं क्षेत्रफळ होतं ३८ चौरस मिमी. गुणाकार केला की उत्तर येतं ६० ग्रॅमच्या आसपास. बस्स, नुसत्या रक्ताच्या दाबाला थोपवायला एवढंच लागतं. भिंतीचा स्वतःचा ताठपणा असतो, चपटी केल्यावर दोन्ही कडांना घडी पडते ती बंद करायला जास्त दाबावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात याच्यापेक्षा जास्तच लागणार, पण तरी रॅचेट (हँडलवरचे खटके) पूर्ण आवळल्यावर जबड्यात जो जोर येतो त्याच्या तुलनेत हे काहीच नाही.

मायक्रोव्हॅस्क्युलरमध्ये (मायक्रोस्कोपखाली बारीक वाहिन्यांच्या सर्जरीत) एक आकडा नेहमी ऐकायला मिळतो, क्लॅम्पचा दाब दर चौरस मिमीला ३० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही. लोक हा आकडा टार्गेट असल्यासारखा वापरतात, पण वरचं गणित लावून बघा, १.६ कुठे आणि ३० कुठे, अठरा पटींच्या वर फरक आहे. ती वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत जायचं असा त्याचा अर्थ नाही.

याच गणितातून दोन गोष्टी फुकटात मिळतात. पहिली, बीपी खाली असेल तर लागणारा जोरही कमी. म्हणून एओर्टाला क्लॅम्प लावताना ॲनेस्थेटिस्टला सांगून प्रेशर थोड्या वेळासाठी उतरवून घेतात, आणि पेशंट बायपास पंपवर (हार्ट-लंग मशीनवर) असेल तर पर्फ्युजनिस्ट, म्हणजे तो पंप चालवणारा, क्लॅम्प बसेपर्यंत फ्लो कमी करतो. दुसरी, तोच जोर रुंद जबड्यावर पसरला की भिंतीवरचा दाब कमी होतो, आणि पातळ जबड्याने किंवा क्लॅम्पच्या कडेने वाहिनी पकडली की तोच जोर एका रेषेत एकवटतो आणि कापल्यासारखं होतं. म्हणून क्लॅम्प तिरका बसलाय, कडेवर बसलाय असं दिसलं की तसाच आवळू नका, उघडा आणि नीट बसवा.

जबड्यात वाहिनी कुठे आली याकडे कुणी लक्ष देत नाही

मला विचाराल तर हा मुद्दा शिकवताना सगळ्यात जास्त राहून जातो. जाड कापड कापायचं असलं की आपण ते कात्रीच्या टोकाला घेत नाही, स्क्रूजवळ घेतो, कारण तिथे जोर जास्त लागतो. क्लॅम्पचंही तेच, सांध्याजवळ वाहिनी आली तर त्याच खटक्याला तिच्यावर जास्त जोर पडतो आणि टोकाशी आली तर कमी. त्यामुळे "मी दोनच खटके लावले" याला स्वतंत्र अर्थ नाही. वाहिनी जाड असेल तर दोन खटक्यांनाच भरपूर आवळली जाते, पातळ असेल तर दोन खटक्यांनी कदाचित बंदही होणार नाही. साधारणपणे वाहिनी जबड्याच्या मधल्या किंवा पुढच्या भागात यावी, आणि टोक वाहिनीच्या पलीकडे थोडं बाहेर निघालेलं दिसावं, म्हणजे पलीकडची कड सुटलेली नाही ही खात्री होते.

बुलडॉग म्हणजे स्प्रिंगच्या छोट्या क्लॅम्पचं वेगळंच. तिथे खटके नाहीत, जोर ठरतो स्प्रिंगवर आणि जबडा किती उघडा राहिलाय त्यावर. जाड वाहिनीवर छोटा बुलडॉग लावला की स्प्रिंग जास्त ताणलेली राहते, म्हणजे जास्त जोर. वाहिनीच्या मापाप्रमाणे बुलडॉग निवडायचा, ट्रेमध्ये जो पहिला हाताला लागला तो नाही. मायक्रोव्हॅस्क्युलरचे ॲकलंड क्लॅम्प तर वाहिनीच्या व्यासाप्रमाणेच वेगवेगळ्या मापात येतात. आणि न्यूरोमध्ये ॲन्युरिझमचे (मेंदूतल्या धमनीला आलेल्या फुग्याचे) क्लिप दोन प्रकारचे असतात, टेम्पररी क्लिपचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, परमनंट क्लिपचा जास्त, तात्पुरती वाहिनी बंद करायला परमनंट क्लिप वापरायचा नाही.

जबड्यांबद्दल थोडक्यात, डीबेकी क्लॅम्पच्या एका जबड्यावर बारीक दात्यांच्या दोन ओळी आणि समोरच्यावर एक ओळ, ती त्या दोघींच्या मध्ये बसते, त्यामुळे न चिरडता पकड मिळते. फोगार्टी क्लॅम्पला मऊ इन्सर्ट असतात. सॅटिन्स्कीने वाहिनीचा अर्धाच भाग बाजूने पकडता येतो, बाकीच्या भागातून रक्त चालू राहतं. ॲट्रॉमॅटिक (इजा न करणारा) हे नाव लावलं म्हणून इजा होतच नाही असं अजिबात नाही, पूर्ण आवळला तर डीबेकीसुद्धा एन्डोथेलियम काढतो.

आता प्रत्यक्ष लावताना

आधी बोटाने वाहिनी चाचपा, अगदी क्लॅम्प हातात घ्यायच्याही आधी. मऊ जागा कुठे, कडक कुठे, प्लाक (भिंतीत साचलेला चरबी-कॅल्शियमचा थर) कुठल्या भिंतीला आहे. फिमोरल (जांघेतली) आणि इलियाक (ओटीपोटातली) धमनीत प्लाक बऱ्याचदा मागच्या भिंतीला असतो, अशा वेळी क्लॅम्प अशा दिशेने लावायचा की पुढची मऊ भिंत मागच्या प्लाकवर जाऊन टेकेल. दोन्ही बाजूंनी दाबलं तर प्लाक मधोमध मोडतो, त्याचे तुकडे खाली जातात किंवा टोकदार कड आतून भिंत फाडते. चौफेर कॅल्सिफाइड (कॅल्शियम साचून कडक) असेल तर तिथे क्लॅम्प लावायचाच नाही. मग वर किंवा खाली दुसरी मऊ जागा शोधा, नाहीतर आतून बलून घालून बंद करा, फक्त बलूनसुद्धा जास्त फुगवला तर तो आतून तीच इजा करतो हे लक्षात असू द्या. पायाच्या खालच्या बारीक धमन्यांच्या बायपासमध्ये न्यूमॅटिक टूर्निकेट (हवेने फुगणारा पट्टा) हा फार चांगला पर्याय आहे, वाहिनीला हातही लावावा लागत नाही आणि चौफेर मोकळी करायचीही गरज नाही. असेंडिंग एओर्टामध्ये (हृदयातून वर निघणाऱ्या भागात) नुसत्या बोटावर विसंबू नका, एपिएओर्टिक अल्ट्रासाउंडने (थेट एओर्टावर ठेवलेल्या सोनोग्राफीने) जे दिसतं ते बोटाला कळत नाही आणि तिथून सुटलेला तुकडा थेट मेंदूत जातो.

वाहिनी पुरेशी मोकळी करून घ्या, पण ॲडव्हेन्टिशिया (भिंतीचा बाहेरचा थर) सोलून काढू नका, भिंतीला रक्त पुरवणाऱ्या व्हासा व्हासोरम त्यातच असतात. क्लॅम्पची जागा जिथे चीर द्यायची किंवा ॲनास्टोमोसिस (वाहिन्यांची जोडणी) करायचा तिथून लांब ठेवा, दाबली गेलेली भिंत टाक्यात यायला नको.

मग हेपरिन, रक्त गोठू न देणारं औषध. ओपन व्हॅस्क्युलरमध्ये साधारण किलोमागे ७० ते १०० युनिट शिरेतून, आणि दिल्यावर तीन ते पाच मिनिटं खरंच थांबायचं, घड्याळ बघून. लांबलेल्या केसमध्ये एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघत राहायचं. डोस तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे आणि ॲनेस्थेशियाशी बोलूनच, ट्रॉमामध्ये तर गणित वेगळंच असतं.

कुठला क्लॅम्प आधी हेही ठरलेलं असतं. कॅरोटिडमध्ये (मानेतल्या धमनीत) आधी इंटर्नल (मेंदूकडे जाणारी फांदी), मग कॉमन (मूळ धमनी), मग एक्सटर्नल (चेहऱ्याकडे जाणारी फांदी), म्हणजे बाकीची हाताळणी चालू असताना काही सुटलंच तर ते मेंदूकडे जात नाही. सोडताना आधी एक्सटर्नल, मग कॉमन, म्हणजे हवा-कचरा चेहऱ्याकडे निघून जातो, आणि सगळ्यात शेवटी इंटर्नल. एओर्टोइलियाकमध्येही त्याच विचाराने आधी खालच्या इलियाक बंद करतात आणि मग वर एओर्टा.

आता मुख्य गोष्ट. जबडा बसवा, पलीकडची कड आत आली का बघा, आणि एक खटका. थांबा. दुसऱ्या हाताचं बोट क्लॅम्पच्या खाली, म्हणजे रक्त जिकडे जातं त्या बाजूला, ठेवा, पल्स आहे का? असेल तर अजून एक खटका, पुन्हा बोट. पल्स गेली की हात थांबला पाहिजे. तरी काही वेळा पल्स लागत नाही पण फ्लो चालू असतो, म्हणून चीर देण्याआधी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) फिरवा किंवा बारीक सुईने बघा. नंतर चिरेतून थोडं रक्त येत राहिलं तर लगेच क्लॅम्प आवळू नका, आधी हे बघा की ते रक्त कुठून येतंय, बऱ्याचदा ते एखाद्या फांदीतून किंवा खालून बॅक ब्लीडिंग असतं आणि मेन क्लॅम्प कितीही आवळला तरी थांबणार नसतं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी "क्लॅम्प लीक होतोय" म्हणालं की मी आधी पलीकडे बघतो.

लावून झाला की हँडल सोडून देऊ नका. लांब क्लॅम्पचं वजन लटकत राहिलं की वाहिनी पिळते आणि जबड्याच्या कडेशी भिंत ताणली जाते, टॉवेलचा आधार द्या, आणि असिस्टंटला सांगून ठेवा की त्यावर कोपर टेकवू नकोस. आणि काहीही झालं तरी आवळलेला क्लॅम्प वाहिनीवरून सरकवायचा नाही. जागा बदलायची तर पूर्ण उघडा, उचला, पुन्हा लावा. त्याच जागी परतपरत लावणंही वाईट, शक्य असेल तर दुसऱ्यांदा थोडं बाजूला लावा.

सिलिकॉनच्या लूपबद्दल (वाहिनीभोवती घालायच्या रबरासारख्या दोरीबद्दल) एक सांगायचंय, लोकांना वाटतं लूप म्हणजे बिनधास्त. दोनदा फिरवून लूप खेचला की वाहिनी चुरगळून बंद होते, आणि खेचणारा हात क्लॅम्पइतकाच जड असू शकतो. बंद होईल एवढंच खेचा आणि टोक मॉस्किटोने (बारीक चिमट्याने) धरून ठेवताना ताण पुन्हा वाढलेला नाही ना बघा.

वेळ

जोर कमी ठेवला तरी वेळ मोजावाच लागतो, भिंतीसाठी आणि त्याहून जास्त पुढच्या अवयवासाठी. पायाचे स्नायू चारेक तास, फार तर सहा, तग धरतात, किडनी गरम असताना, म्हणजे थंड केलेली नसताना, पंचवीस-तीस मिनिटांच्या आत सोडायचा प्रयत्न असतो. लिव्हरमध्ये प्रिंगल मनूव्हर (लिव्हरकडे जाणारं रक्त तात्पुरतं बंद करणं), जे जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडलं, ते आता बऱ्याच ठिकाणी पंधरा मिनिटं बंद आणि पाच मिनिटं चालू असं करतात. क्लॅम्प लागला की वेळ मोठ्याने बोला आणि कुणीतरी लिहून ठेवा.

शिरा आणि ग्राफ्ट

शिरांमध्ये प्रेशर फारच कमी आणि भिंत पातळ, त्यामुळे क्लॅम्पची गरजच बऱ्याचदा नसते. बोट किंवा स्पंज स्टिक वर आणि खाली दाबून धरा, दिसायला साधं आहे पण मोठ्या शिरेला आंधळेपणाने क्लॅम्प मारायला गेलात तर छोटं भोक मोठी चीर होते.

सॅफिनस व्हेनचा (पायातल्या शिरेचा) ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडे जोडायचा तुकडा, काढताना भिंत फोर्सेप्समध्ये धरायचीच नाही, धरायचं झालं तर बाहेरच्या ॲडव्हेन्टिशियाला. आणि सिरिंजने फुगवताना जपा. हाताने सिरिंज दाबली की ३०० मिमी पाऱ्याच्या वर प्रेशर सहज जातं, शिरेला असल्या प्रेशरची सवय नसते, एन्डोथेलियम तिथेच जातं. म्हणजे ग्राफ्टला क्लॅम्प न लावताही तीच इजा झाली.

सोडताना

आधी ॲनेस्थेशियाला सांगा, विशेषतः एओर्टा असेल तर, कारण क्लॅम्प सुटला की बीपी धाडकन पडतं. हळूहळू उघडा, सुटला की जबडा सरळ बाहेर काढा. मग क्लॅम्पची जागा नीट बघा, चपटी राहिली आहे का, निळसर डाग आहे का, खाली पल्स वरच्याइतकी आहे का. वाहिनी आखडलेली दिसली तर कोमट सलाइनचा स्पंज ठेवून थोडा वेळ द्या, वरून पापावेरिन (वाहिनी सैल करणारं औषध) लावा, बहुतेक वेळा सुटते. पण सगळ्याला स्पॅझम म्हणून सोडून देऊ नका. पापावेरिननंतरही पल्स येत नसेल तर फ्लॅप असू शकतो, डॉप्लर किंवा अँजिओ करा, आणि गरज पडली तर उघडून इंटिमा टाक्यांनी बसवा.

घरचा अभ्यास आणि ट्रे

हात तयार करायचा असेल तर एक सेटअप सांगतो. सलाइनची बाटली नळीला जोडा, नळीच्या टोकाला मऊ पेनरोझ ड्रेन (चपटी रबरी नळी), आणि बाटली ड्रेनच्या १६३ सेंटीमीटर वर टांगा, एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १२० मिमी पारा. आता क्लॅम्प लावा, एकेक खटका, आणि ठिबकणं कुठल्या खटक्याला थांबतं बघा. मग तोच ड्रेन सांध्याजवळ घ्या, मग टोकाशी, मग बाटली अर्ध्यावर आणा. ड्रेन म्हणजे काही धमनी नाही, पण किती कमी लागतं हे हाताला कळतं, ते वाचून कळत नाही.

स्क्रब नर्सेससाठी, क्लॅम्प बंद करून लाइटसमोर धरा, पूर्ण लांबीत फट एकसमान दिसली पाहिजे. टोकं जुळत नसतील तर सर्जन ते बंद करायला जास्त आवळणार आणि सांध्याजवळची वाहिनी चिरडणार. बुलडॉग गरजेपेक्षा जास्त फाकवून उघडू नका, स्प्रिंग ढिली पडते आणि मग दोन बुलडॉग लावायची वेळ येते. मऊ इन्सर्ट कडक झाले, चिरले तर बदला. आणि वाकडा झालेला क्लॅम्प "चालेल अजून" म्हणून परत ट्रेमध्ये जाऊ देऊ नका, लगेच बाजूला काढा.

ऑपरेशन नोटमध्ये नुसतं "क्लॅम्प लावला" लिहू नका. कुठला क्लॅम्प, टाक्यांपासून किती सेंटीमीटर वर-खाली, किती मिनिटं, परत लावावा लागला का, जागा कडक होती का. सहा महिन्यांनी डुप्लेक्समध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) अरुंद जागा दिसली आणि ती टाक्यांवर नसून दोन सेंटीमीटर वर असली, तर बघणाऱ्याला त्या नोटवरूनच कळेल की तिथे क्लॅम्प होता.